क्युरेटिंगनंतर पाळी एका दिवसावर आली, आता डायरेक्ट आयव्हीएफ करू का?

प्रश्न: मी ३१ वर्षांची, भांडुपला राहते. दोन वर्षांपूर्वी अडीच महिने झालेले असताना मिसकॅरेज झालं, क्युरेटिंग करावं लागलं. तेव्हापासून चार-पाच दिवसांची पाळी एका दिवसावर आलीय, तेही नुसते डाग. सासूबाई म्हणतात बरंय की, लोकलच्या गर्दीत तेवढाच त्रास कमी. थायरॉईड, हार्मोन्स सगळं नॉर्मल, सोनोग्राफीत दोन पाळ्यांच्या मध्यावरही गर्भपिशवीचं अस्तर ४ एमएमच. एक डॉक्टर म्हणतात पिशवी आतून चिकटलीय, दुर्बिणीने बघू, दुसरे म्हणतात वेळ घालवू नका, आयव्हीएफ करा. पोटाला भोकं पाडायची भीती वाटते.

उत्तर: आधी भोकांचं मिटवू. पोटावर भोकं पाडतात ती लॅप्रोस्कोपी, तुम्हाला सांगितलीय ती बहुतेक हिस्टेरोस्कोपी, त्यात बारीक दुर्बीण खालच्या वाटेने पिशवीत जाते, टाका नाही, बऱ्याचदा त्याच दिवशी घरी. आपल्याकडे दोन्हीला दुर्बीणच म्हणतात त्यामुळे बायका उगाच घाबरून बसतात, फोन करून कुठली ते विचारून घ्या.

आणि सासूबाईंचं यात ऐकू नका. नीट येणारी पाळी क्युरेटिंगनंतर आटली आणि हार्मोन्स नॉर्मल म्हटल्यावर पहिला संशय पिशवीवरच जातो. गरोदरपणानंतर पिशवी मऊ असते, खरवडताना अस्तराचा खालचा थर, ज्यातून दर महिन्याला नवं अस्तर येतं, तोच दुखावला तर समोरासमोरच्या भिंती चिकटतात. जोसेफ अ‍ॅशरमन नावाच्या डॉक्टरांनी १९४८ साली यावर लिहिलं म्हणून रिपोर्टवर अ‍ॅशरमन सिंड्रोम येतं. काळजीपूर्वक केलेल्या क्युरेटिंगनंतरही हे होऊ शकतं, तेव्हा लगेच जुन्या डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका.

साध्या सोनोग्राफीत हे कधी दिसतं कधी नाही, डाय टाकून काढलेल्या एक्स-रेत अंदाज येतो, पण खात्री दुर्बिणीनेच, आणि चिकटलेल्या भिंतींमधले पट्टे तिथल्या तिथे कात्रीने कापताही येतात. त्याच वेळी अस्तराचा तुकडा टीबीसाठी पाठवायला सांगा, हे मी मुद्दाम सांगतेय. टीबीनेही पिशवी चिकटते, मुंबईत टीबी काही नवा नाही, आणि पिशवीच्या टीबीत खोकला-ताप काहीच नसू शकतो. हा टीबी पकडणं अवघड, जंतू थोडे असतात, त्यामुळे एका निगेटिव्ह रिपोर्टवर विषय संपत नाही. निघालाच तर निदान सहा महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण टीबीने चिकटलेली पिशवी क्युरेटिंगवालीपेक्षा हट्टी असते हेही खरं.

पट्टे कापले की काम झालं असं नाही, ते परत चिकटतात, जास्त असतील तर जास्तच. म्हणून कुणी आठवडाभर छोटा फुगा ठेवतात, कुणी जेल घालतात, कुणी इस्ट्रोजेनच्या गोळ्या देतात, प्रत्येकाची पद्धत वेगळी. एक-दोन महिन्यांनी परत दुर्बीण घालून बघतात, त्याला पैसे उकळणं समजू नका. कापताना क्वचित पिशवीला भोक पडू शकतं, त्यामुळे ज्यांचा यात हात बसलाय अशांकडेच जा.

मग आयव्हीएफ? गर्भ लॅबमध्ये तयार होईल हो, पण रुजायचं शेवटी या पिशवीतच ना, आणि ४ एमएमवर तो सोडणं मला पटत नाही. आधी पिशवी बघा. पट्टे थोडेच असतील तर नंतर आपोआपही दिवस जाऊ शकतात. गेले की नाव नोंदवतानाच हे ऑपरेशन सांगा, कारण वार (प्लासेंटा) पिशवीत खोल रुतायचा धोका वाढतो, आणि मग बाळंतपण रक्तपेढी असलेल्या मोठ्या हॉस्पिटलातच हवं.

आणि हो, मिस्टरांचा वीर्याचा रिपोर्ट यादीत दिसला नाही. तुमच्या पिशवीत काही सापडलं तरी त्यांची सुटका नाही, तो आधी काढा.

प्रश्न: बायकोचे पट्टे कापून झाले, तरी अस्तर वाढत नाही. आता पीआरपी सांगितलंय. करावं का? (लालबाग)

उत्तर: तिच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स पिशवीत सोडतात. काहींचं अस्तर वाढल्याचं दिसलंय, पण पक्का पुरावा अजून नाही, तेव्हा खात्रीचा उपाय म्हणून कुणी विकत असेल तर सावध. त्याआधी परत चिकटलंय का ते बघितलं का?