ठसा मारण्याआधीचं काम

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहते. मे महिन्यात एका दिवसाचं ठसेछपाईचं शिबिर केलं आणि येताना हौसेने सहा ठसे, रंगांच्या बाटल्या घेऊन आले. शिबिरात रुमाल सुरेख छापला गेला. घरी मात्र जेवणाच्या टेबलावर नवा सुती कुर्ता छापला, तर फुलं मध्ये कोरी आणि कडेला रंगाचे गोळे. दुसऱ्या धुण्यात निम्मा रंगही गेला. माझ्या हातात कला नाही, असं वाटायला लागलंय. सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नका. हात शिकायला वेळ लागेल, पण तुम्ही सांगताय ते दोष हाताचे नाहीत. शिबिरातला तो रुमाल आधी धुऊन ठेवलेला असणार आणि टेबलावर, कापडाखाली जाड गादी असणार. ही तयारी आदल्या दिवशी उरकलेली असते, त्यामुळे शिकणाऱ्याला ती दिसतच नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण छपाईचा जीव तिथेच आहे.

२५ वर्षांपूर्वी नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांसाठी मी पडदे छापले होते. मांजरपाट दुकानातून आणला तसाच पसरला. निळी कोयरी, चार पडदे, तीन रविवार. पहिल्याच धुण्याला बादली निळी झाली आणि पडद्यांवर कोयऱ्यांच्या सावल्या उरल्या. आईने बादलीत डोकावून एवढंच विचारलं, "खळ काढली होतीस का गं?" ती गोधड्या शिवायची. नवं कापड रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवल्याशिवाय ती सुई लावायची नाही.

आपण घरी वापरतो ते पिगमेंट रंग धाग्यात मुरत नाहीत. त्यातला बाइंडर रंगाला धाग्यावर चिकटवून ठेवतो. मध्ये खळ, म्हणजे नव्या कापडाला दिलेली कांजी, असेल तर रंग खळीला चिकटतो आणि खळ गेली की तिच्यासोबत जातो. म्हणून कापड रात्रभर भिजत घाला आणि सकाळी गरम पाण्यात साबणाने धुवा. मांजरपाट असेल तर धुण्याचा सोडा घालून उकळा. वाळल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर खळ अजून आहे, पुन्हा धुवा. टेकताक्षणी पसरून आत गेला तर कापड तयार झालं. ही परीक्षा मी अजूनही प्रत्येक तुकड्याला घेते.

आता कोऱ्या फुलांचं. कडक टेबलावर ठशाचा प्रत्येक भाग कापडाला टेकत नाही. जुनी घोंगडी किंवा ब्लँकेट चार पदरी घाला, वर प्लॅस्टिक, त्यावर सुती चादर ताणून बसवा आणि कुर्ता टाचण्यांनी पक्का करा. रंग थेट ताटलीत घेऊ नका. ट्रेमध्ये स्पंज, त्यावर मलमलचा तुकडा, आणि रंग त्यात मुरलेला हवा. ठसा त्यावर दोनदा हलका टेकवायचा. दाबलात तर रंग कोरीव खाचांत शिरतो, तेच तुमचे कडेचे गोळे. कापडावर ठेवल्यावर मात्र मनगटाजवळच्या तळहाताने एकदा ठाम दाब द्यायचा आणि ठसा सरळ वर उचलायचा. तिरका उचलला की रेघ फाटते. काम संपताक्षणी ठसे जुन्या टूथब्रशने धुवा, कारण बाइंडर खाचेत वाळला की निघत नाही. वाळवायचे ते सावलीत. नवे ठसे असतील तर आधी काही दिवस तेलात मुरवा, म्हणजे लाकूड तडकत नाही.

आणि इस्त्री. कापड पूर्ण वाळल्यावर, उलट्या बाजूने, वाफ न वापरता, कॉटनच्या खुणेवर प्रत्येक भागावर तीन ते पाच मिनिटं फिरवत राहायची. आपल्याकडे आषाढात वाळायलाच एक-दोन दिवस जातात, तेवढे जाऊ द्या. सोसायटीतल्या इस्त्रीवाल्याकडे हे काम देऊ नका. त्याला रोज ढीगभर कपडे उरकायचे असतात, तुमच्या पाच मिनिटांना त्याच्याकडे जागा कुठून असणार? नंतर तीन दिवस धुऊ नका.

सहापैकी पाच ठसे कपाटात ठेवा. जुन्या चादरीवर एकाच ठशाने, एकाच रंगात, रोज २० छाप घ्या. गणपतीपर्यंत मला पुन्हा लिहा.

प्रश्न : मी नेरुळची. अजरखच्या नक्षीचे ठसे मिळाले, त्यांनी पिगमेंट रंगात ओढण्या छापल्या. शेजारणी विकत मागताहेत. 'अजरख ओढणी' म्हणून विकल्या तर चालेल ना?

उत्तर : ओढण्या जरूर विका, अजरख म्हणू नका. अजरख हे नक्षीचं नाव नाही, कच्छच्या कारागिरांच्या छपाईच्या सगळ्या प्रक्रियेचं आहे. कापड अनेकदा धुतात, हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळसर करतात, जिथे रंग नको त्या जागा चुना आणि डिंकाच्या लेपाने राखतात. काळा रंग भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस कुजवून करतात आणि चिंचोक्याच्या पिठाने घट्ट करतात. तुरटी लावलेला भाग लाल रंगात उकळताना लाल होतो, निळीत बुडवताना लेपाखालचा भाग निळा होत नाही. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा धुणं. ठसा मारणं हा त्यातला छोटासा वाटा आहे.

पाण्याचं महत्त्व किती? २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका गावच्या पाण्यातलं लोखंड वाढलं आणि रंग बिघडायला लागले. तेव्हा तिथल्या खत्री समाजाच्या छपाई कारागिरांनी भुजजवळ अजरखपूर हे नवं गाव वसवलं. पाण्यासाठी ज्यांनी घरं हलवली त्यांचं नाव आपण दोन तासांच्या कामाला लावावं, हे मला पटत नाही.

बेलापूरचं अर्बन हाट तुमच्या जवळच आहे. कच्छचे कारागीर प्रदर्शनाला आले की जा, एखादी ओढणी हातात घ्या आणि उलटून बघा. चांगल्या अजरखात नक्षी दोन्ही बाजूंनी छापतात, तीही एकावर एक चपखल. एकदा ते पाहिलंत की तुमच्या ओढणीच्या चिठ्ठीवर काय लिहायचं ते तुम्हीच ठरवाल. मी असते तर लिहिलं असतं : 'घरी हाताने छापलेली, पिगमेंट रंग, थंड पाण्यात धुवा.' शेजारणी तरीही घेतील. त्या तुमच्या हातची म्हणूनच मागताहेत.