निरोप आणणाऱ्याची बिदागी

प्रश्न : गेलेल्या माणसांची मला लहानपणापासून चाहूल लागते. ओळखीच्यांना फुकट सांगत आले. आता अनोळखी लोकही येतात, तासन्‌तास बसतात. पैसे घ्यावेत का? घरचे म्हणतात, विद्या विकली की नासते.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : कीर्तनकार बिदागी घेतात, गुरुजी दक्षिणा घेतात, त्यांची विद्या नासलेली दिसत नाही. पाहायचं ते एवढंच, की पैसे कशाचे घेता. ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला गुरुजींचं मानधन आधी ठरतं. त्यात विधी, साहित्य आणि वेळ येतो, कावळा शिवण्याची हमी येत नाही. नातेवाईक हात जोडून इच्छा ओळखू पाहतात, 'धाकटीचं लग्न आम्ही करू', 'घर विकणार नाही'. फारच ताटकळले तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि मंडळी घरी जातात. कावळा रुसला म्हणून दर वाढत नाही. तुमचा दर याच कसोटीवर घासून पाहा.

पंचेचाळीस मिनिटांच्या बैठकीचा एकच दर ठेवा आणि तो फोनवरच सांगा. 'काहीच जाणवलं नाही, असंही होऊ शकतं' हे त्याच फोनवर सांगा. रिकाम्या बैठकीचे पैसे परत करायचा मोह होईल. आमचं मत उलट आहे. परत करायचे ठरले, की दर वेळी काहीतरी सांगायचा दबाव तुमच्यावर येतो आणि नकळत रचून सांगितलं जातं. वेळेचे पैसे वेळेलाच द्यावेत, म्हणजे 'आज काही नाही' म्हणायची मोकळीक राहते. 'स्वखुशीने द्या' ही पेटी साधी वाटते, पण नुकतंच माणूस गेलेल्या घरातून त्या पेटीत हिशोबाबाहेर पैसे पडतात.

काही गोष्टी दाराबाहेरच ठेवा : आजाराचं निदान, औषध बंद करण्याचा सल्ला, वाटणीचे वाद, 'कोणी करणी केली' याचं नाव. खडे, ताईत, शांती विकू नका. बैठकीत सांगितलेल्या दोषावर तुमच्याच घरातून उपाय विकला, की उरलेलं सगळं संशयास्पद होतं. एका माणसाला वर्षात दोनपेक्षा जास्त बैठका देऊ नका. आलेले पैसे हे उत्पन्नच आहे, विवरणपत्रात दाखवा. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी लागते. (तिथवर गेलात तर बैठकांची संख्या पुन्हा तपासा.)

आणि दर लावण्याआधी स्वतःची परीक्षा घ्या. दहा अनोळखी माणसं निवडा, शक्यतो एका वयोगटातली. प्रत्येकाला पडद्याआड बसवा, त्यानं बोलायचं नाही. तुम्ही सांगाल ते तिसऱ्यानं लिहून घ्यायचं. मग नावं, तारखा काढून टाकून प्रत्येकाला पाच कागद द्यायचे, त्यातला एक त्याचा. आपला कोणता ते त्यानं ओळखायचं. नुसत्या योगायोगानं दहात दोन जुळतात. पाच किंवा जास्त जुळण्याची शक्यता साधारण ३ टक्के, म्हणजे तिथून पुढे लक्ष देण्यासारखं काही आहे. परीक्षा फसते ती बहुतेक पडद्यामुळे : खोकला, बांगड्यांचा आवाज, अत्तर, लिहून घेणाऱ्याचा चेहरा. त्यालाही समोर कोण बसलंय ते कळता कामा नये.

पुण्यात असा प्रयोग झालेला आहे, ज्योतिषावर. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांना पत्रिका दिल्या. हुशार मुलाची कोणती आणि मतिमंद मुलाची कोणती, ते ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या. सरासरी ४६ टक्के बरोबर आलं. नाणेफेकीला ५० येतात. त्या ज्योतिषांतले बरेच जण मनापासून विश्वास ठेवणारे असणार. प्रामाणिकपणा आणि अचूकपणा एकत्र नांदतीलच असं नाही.

प्रश्न : वडील गेल्यापासून आई एका 'ताईं'कडे दर अमावास्येला जाते. आता ५१ हजारांची शांती सांगितली आहे. केली नाही तर वडील अडकून राहतील आणि धाकट्या भावाला त्रास होईल म्हणे.
— एक वाचक, धायरी

उत्तर : 'केलं नाही तर त्रास होईल' या वाक्यानं प्रकरण श्रद्धेतून कायद्यात आलं. अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून भीती घालणं किंवा न ऐकल्यास वाईट परिणामांची धमकी देणं, हे २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार; गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज पुसू नका, दुसऱ्या फोनवर जपून ठेवा. यूपीआय व्यवहारांचे स्क्रीनशॉट आणि बँकेचा उतारा तारखेवार लावा. रोख दिले असतील तर तारीख, रक्कम, सोबत कोण होतं हे आजच लिहून काढा. मग तुमच्या पोलीस ठाण्यात जा. या कायद्यात दक्षता अधिकारी नेमलेले असतात, ते निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचे. फसवून ऑनलाइन पैसे घेतले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

आईचा फोन मात्र काढून घेऊ नका आणि 'तुला फसवलं' हे पहिलं वाक्य नको. ती ताईंचीच बाजू घेईल. अमावास्येच्या संध्याकाळी कोणीतरी तिच्यापाशी बसून वडिलांविषयी बोलतं, त्याचे पैसे ती देते आहे. ती संध्याकाळ तुम्ही घ्या. झोप, जेवण सुटलं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

प्रश्न : मग अशी बैठक घेणाऱ्यांना आमच्या गेलेल्या माणसाबद्दल 'दोन मुलगे, एक सून, छातीचं दुखणं' हे कळलं कसं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : निधनवार्ता पुन्हा वाचा. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सून, नातवंडे असा परिवार आहे.' नोंदणी करताना तुम्ही नाव आणि मृत्यूची तारीख दिलीच होती. छातीचं म्हणाल, तर उतारवयात गेलेल्या माणसाबद्दल 'छातीशी काहीतरी होतं' हे क्वचितच चुकतं. दमा, हृदय, शेवटची धाप, सगळं त्यात बसतं. चुकलेली वाक्यं आपण तिथल्या तिथे विसरतो. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं १९४८मध्ये ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं स्वभाववर्णन' म्हणून एकच मजकूर वाटला. त्यांनी अचूकतेला पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पुढच्या बैठकीचं रेकॉर्डिंग मागा. घरी शांतपणे ऐकून प्रत्येक विधानापुढे बरोबर, चूक, किंवा 'कुणालाही लागू' अशी खूण करा. रेकॉर्डिंगला नकार मिळाला तर नोंदणीचे पैसे तिथेच परत मागा.