पॉटबेली पिग घ्यायलात तर आधी उन्हाळ्याचं बघा

भाऊ, पॉटबेली पिग म्हणजे हौसेनं पाळायचं बुटकं, लोंबत्या पोटाचं डुक्कर. पिल्लू लई गोड दिसतं हे खरंय, पण विकणारा "एवढंच राहतं" म्हणला तर अजिबात ऐकू नका, वाढून ते ५०-६० किलोचं सहज होतं आणि नीट सांभाळलं तर १२-१५ वर्षं जगतं.

आपल्याकडं खरा प्रश्न उन्हाळ्याचाच. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, त्यामुळं परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर गेला अन् ते तोंड उघडं टाकून धापा टाकायलं की लगेच सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, बर्फाचं नको. कडुलिंबाखाली उथळ खड्डा करून चिखल ठेवा, तो अंगावर वाळला की कातडी उन्हानं भाजत नाही, म्हणून घाण समजून सारखं धुवू नका.

टँकरची वाट बघायची वेळ आली तरी त्याचं प्यायचं पाणी तोडू नका!! पाणी तुटलं की अंगातलं मीठ वाढून मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात, आणि मग एकदम भरपूर पाजलं तर आणखी बिघडतं, घोट घोट द्यायचं अन् डॉक्टरला बोलवायचं. शेव, चिवडा, लोणचं तर नकोच, लेकरांना पण बजावून ठेवा.

खाणं मोजून, डोळ्यांवर चरबीच्या वळ्या आल्या तर त्याला दिसेनासं होतं. मादी असेल तर गर्भाशय काढायचं ऑपरेशन लवकर करून घ्या, नाहीतर पुढं त्यात गाठी होतात. परभणी, उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, पिल्लू आणायच्या आधीच तिथं विचारून या.