एडीएचडी आणि ऑटिझम दोन्ही: गोळी सुरू करण्याआधी

मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीत लक्ष टिकावं म्हणून देतात ती गोळी, सुरू होतेय ना? मग आधी दुकान शोधून ठेवा. हे शेड्यूल एक्समधलं, म्हणजे विक्रीवर कडक निर्बंध असलेलं औषध, प्रत्येक केमिस्टकडे मिळत नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठीच्या दोन प्रती घ्या. एक दुकानदार ठेवून घेतो. आठवड्यापुरत्या गोळ्या उरल्या की लगेच पुढची चिठ्ठी. ऐनवेळची धावपळ आपल्याला झेपत नाही, हे गृहीतच धरा.

गोळीने भूक मरते, आणि ऑटिझममध्ये अनेकांना भूक मुळातच नीट कळत नाही. म्हणून नाश्ता गोळीच्या आधी, आणि दुपारी दीडला गजर. डबा उघडल्याशिवाय गजर बंद करायचा नाही. रोज तोच दहीभात? खुशाल खा. संध्याकाळी गोळीचा असर उतरताना कित्येकांना आवाज-उजेड जास्तच टोचतो; त्या तासाभरात मंडई नको. छातीत धडधड वाढली तर डॉक्टरांना लगेच कळवा.