सीरममध्ये सीसीआर५ का दिसत नाही?

प्रश्न : सर, मी कोल्हापुरात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री करतेय, राजारामपुरीत रूमवर असते. प्रोजेक्टला सीसीआर५ हे प्रोटीन सँडविच एलायझाने (दोन अँटिबॉडींमध्ये प्रोटीन पकडून रंगावरनं मोजायची पद्धत) मोजायचंय. सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) लावलं, स्टँडर्डचे (माहीत प्रमाणाचे) वेल मस्त पिवळे झाले, कर्व्ह पण बसला, पण सॅम्पल सगळी ब्लँकएवढीच. दोनदा केलं, तेच. किट खराब आलंय का? तिसरी प्लेट मागायची तर गाईडना काय सांगू?

उत्तर : किटला लगेच दोष देऊ नको गं, कर्व्ह बसला म्हणजे दोन्ही अँटिबॉडी, रंग आणणारं एन्झाइम एचआरपी, रंग देणारं टीएमबी, सगळं चालतंय. गडबड सॅम्पलमध्ये आहे. सीसीआर५ हे ३५२ अमिनो आम्लांचं प्रोटीन, पेशीच्या पडद्यातनं सात वेळा आरपार गेलेलं, आपल्या कोल्हापुरी चपलेत वादीची शिवण चामड्यातनं वर-खाली जाते ना तसं. आता चामडं भिजवलेल्या पाण्यात शिवण शोधलीस तर सापडेल का? सीरममध्ये मिळतं ते सीसीएल५, म्हणजे या रिसेप्टरला (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, म्हणजे सीसीआर५ला) येऊन चिकटणारं केमोकाइन, पेशींना बोलावणारं छोटं प्रोटीन, आणि नावं इतकी सारखी की भल्याभल्यांचा घोटाळा होतो.

तुला पेशी लागणार. ईडीटीएचं (न गोठलेलं) रक्त घे (एथिक्सच्या परवानगीत बसतं का ते आधी बघ), फायकॉल या जड द्रावणावर पांढऱ्या पेशी वेगळ्या कर, पीबीएसने (खारट बफरने) धू, मग पेशी फोडायला १ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे सौम्य डिटर्जंट आणि प्रोटिएज इनहिबिटर घालून अर्धा तास बर्फावर ठेव आणि सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी, म्हणजे लायसेट, घे. उकळू नको आणि एसडीएस हे कडक डिटर्जंट तर अजिबात नको, प्रोटीनचा आकार मोडला की अँटिबॉडी ओळखतच नाही. सँडविचला एकाच रेणूवर दोन वेगळ्या जागा लागतात आणि सीसीआर५चं पडद्याबाहेर फक्त एक टोक न् तीन छोटे लूप, त्यामुळे आकार जपणं फार महत्त्वाचं. किटच्या कागदावर लायसेट चालतं का, डिटर्जंट किती चालतं हे नीट वाच, आणि स्टँडर्ड पण त्याच बफरमध्ये पातळ कर.

एकूण प्रोटीन बीसीए पद्धतीने काढ, ब्रॅडफर्ड या दुसऱ्या पद्धतीला ट्रायटन सोसत नाही. उत्तर दर मिलीग्रॅम प्रोटीनमागे लिही. पेशीच्या फक्त पृष्ठभागावर किती आहे हे हवं असेल तर मात्र फ्लो सायटोमेट्रीच (अख्ख्या पेशी एकेक करून मोजायची पद्धत) कर, लायसेटमध्ये आतलं-बाहेरचं सगळं एकत्र येतं.

गाईडना हेच सांग, आणि पूर्ण प्लेट मागू नको. आठ-आठ वेलच्या पट्ट्या असतील तर दोनच पट्ट्या वापर. एक लायसेट तीन डायल्यूशनला लाव, एकात माहितीतलं स्टँडर्ड मिसळून ते परत तेवढंच मिळतंय का बघ. दुप्पट पातळ केल्यावर ४५० नॅनोमीटरच्या रीडिंगवरनं काढलेलं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं, की मग बाकीची सॅम्पल लाव.