आईबाबा मेलमधल्या लिंक उघडतात. फिशिंग, म्हणजे माहिती चोरणारे बनावट मेल ओळखायला त्यांना कसं शिकवू?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, ‘कितीदा सांगितलं तरी बाबांच्या डोक्यात शिरत नाही.’ या वाक्यासाठीच उत्तर लिहितोय.

आमचे अण्णा सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. हिशोबाला पक्के. ऑगस्टमध्ये त्यांना प्राप्तिकराच्या रिफंडचा मेल आला. रिटर्न भरलेलं, रिफंडची वाट पाहणं चालूच होतं, मग शंका येणार कशी? पानावर राजमुद्रा होती, त्यांचं नावही होतं. त्यांनी कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, ओटीपी सगळं टाकलं. ‘ओटीपी चुकला, पुन्हा टाका’ असं आलं, पुन्हा टाकला. दोन ओटीपी, दोन व्यवहार, ७१ हजार गेले. मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली होती, पण घाईत अण्णांनी फक्त ओटीपीचे आकडे वाचले.

हे शुक्रवारी झालं. आम्हाला सोमवारी कळलं, तेही आईने पासबुक भरून आणलं म्हणून. अण्णा तीन दिवस नीट जेवले नव्हते. बोलले का नाहीत? आदल्या वर्षी चुकीच्या नंबरवर रिचार्ज केला तेव्हा दादा पाहुण्यांसमोर म्हणाला होता, ‘तुमच्या हातात फोन देणंच चूक.’

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. सोमवारपर्यंत ते कुठल्या कुठे गेले होते. बँकेने रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवलं: माहिती ग्राहकानेच दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं.

दादा अजूनही ‘अण्णांचा भोळेपणा’ म्हणतो. मला ते मान्य नाही. त्याच्या बोलण्याची धास्ती नसती तर अण्णांनी शुक्रवारीच सांगितलं असतं.

ओळखायचं म्हणाल तर स्पेलिंगच्या चुका शोधत बसू नका, आताचे मेल शुद्ध असतात. पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कसलंही नाव टाकतो. त्यावर बोट दाबून पूर्ण पत्ता बघा. लिंकमध्ये सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली रेघ शोधा. प्राप्तिकराचं रिटर्न भरायची खरी साइट असेल तर त्या रेघेआधीचा पत्ता ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ वरच संपतो. त्याला पुढे आणखी शेपूट असेल तर साइट दुसऱ्याची. आणि रिफंड पडताळणी झालेल्या बँक खात्यात थेट जमा होतो, त्यासाठी कार्ड नि ओटीपी लागतच नाही.

पण हे शिकवण्याआधी बाबांना सांगा, ‘चुकून क्लिक झालं तर पहिला फोन मला करा, मी चिडणार नाही.’ आणि खरंच चिडू नका.

१९३० वर लगेच फोन केला म्हणजे पैसे मिळतातच असं नाही, हेही खरं. आणि कार्डाची ऑनलाइन मर्यादा कमी ठेवा असं दादा आधीपासून सांगत होता, ते बरोबरच होतं; आता ती ५ हजारांवर आणलीय.

अण्णा हल्ली असा मेल आला की लिंक न उघडता मला स्क्रीनशॉट पाठवतात. दादाला अजून पाठवत नाहीत.