नवा कलमाचा चाकू उघडायला घट्ट जातोय?

अरे, लगेच परत करायला जाऊ नकोस. नव्या घडीच्या चाकूत दाट ग्रीस आणि पॉलिशची बारीक पूड सांध्यात अडकलेली असते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्याच्या बुडाशी सोड, हळूहळू उघडमीट कर आणि कापडाने पूस. काळं तेल निघेल. ते स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहा.

घरातलं गोडं तेल अजिबात नको. तासगावला पहिल्या वर्षी मी तेच घातलं. महिनाभरात ते चिकट झालं आणि चाकू आणखी जाम. बाहेर डॉगरीजचे खुंट (ज्यावर द्राक्षाचं कलम बांधतात ती रोपं) कलमाला तयार उभे होते, जीव नुसता तुटत होता.

सांध्याला स्क्रू असेल तर फेऱ्याचा आठवा हिस्साच सैल कर. मग पातं आडवं हलवून बघ. हललं तर परत आवळ, डगमगत्या पात्याने कलमाच्या काडीला पाचरीसारखा काप सपाट येत नाही. रिव्हेट (ठोकून बसवलेली खीळ) असेल तर ठोकाठोक नको, रोज पन्नासेक वेळा उघडमीट कर.

नख मोडत असेल तर पातं पाठीकडून चिमटीत धरून उघड. पकड लावू नकोस, निसटली तर बोट जाईल. आणि कलम करण्याआधी पातं स्पिरिटने पूस, कापाला तेल लागता कामा नये.